डाग द्यायचा राहिलेला डबा

मित्रांनो, आधी नाकावरचा हात काढा पाहू. माझ्याजवळ येणारा प्रत्येक जण नाक मुरडतो. त्याचे मला आता काही वाटत नाही. खरे सांगायचे तर माझ्या या वासाचा मला थोडा अभिमानच आहे. मी रॉकेलचा डबा आहे. पत्र्याचा, जुना, एका बाजूने चेपलेला. गेली काही वर्षे माझ्या पोटात रॉकेलचा थेंब नाही, तरी डोळे मिटून कोणी माझ्यासमोर उभे राहिले तर मी कोण हे त्याला बरोबर कळते. माझ्यामुळे कधी कोणी फसले नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे घडले ते फसगतीचेच आहे. गोष्ट सुखाची नाही. पण ती एका लहान मुलीची आहे, तेव्हा लहान मुलांपासूनच ती लपवून ठेवावी हे मला काही पटत नाही.

जन्माने मी रॉकेलचा नव्हे. धारूरच्या एका किराणा दुकानात गोडेतेलाचा चौकोनी डबा म्हणून मी आलो. तेल संपल्यावर मला अडगळीत टाकले होते. तिथून विठ्ठलरावांनी मला उचलले. विठ्ठलराव बालाघाटाच्या कडेवरच्या एका लहान गावचे शेतकरी. त्यांनी मला बाजारातल्या पत्र्याचे काम करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे नेले. त्याने मला कापले, ठोकले, माझ्या कडा आत वळवल्या. तोटी बसवली, घट्ट झाकण केले, तारेची कडी लावून तिला लाकडी मूठ दिली. शेवटी माझ्या सगळ्या सांध्यांना डाग दिला. डाग देणे म्हणजे तापलेल्या लोखंडाने कथील वितळवून सांधा बंद करणे. मग माझ्यात पाणी भरून त्याने मला उन्हात वर धरले आणि तळाच्या कडेवरून बोट फिरवले. बोट कोरडे राहिले तेव्हाच तो हसला.

पाणी ओतून देताना तो विठ्ठलरावांना म्हणाला, "ये पानी आखरी. अब जिसका उसमें. एक बार घासलेट भरा, तो हमेशा घासलेट."

विठ्ठलरावांनी मान डोलावली. मी तर हे वाक्य जन्मभर पाळले.

त्या काळी रॉकेल रेशनवर मिळत असे. गावात मन्मथप्पांचे दुकान होते. रॉकेलचे पिंप येणार अशी कुणकुण लागली की माणसांच्या आधी आम्ही डबेच ओळीत जाऊन उभे राहायचो. माणसे आपापल्या कामाला निघून जात, आणि आमची जागा कोणी मोडत नसे. त्या ओळीत किती तरी तऱ्हेचे डबे पाहिले. कोणाला झाकणाऐवजी मक्याचे कणीस, कोणाच्या तोटीत चिंध्या. माझे झाकण पाहून शेजारचे डबे मला भाव खातो म्हणत असतील. मन्मथप्पा कपाळाला भस्म लावून, गळ्यातले लिंग सदऱ्याच्या आत सारून पिंपाशी बसत. मापातला शेवटचा थेंब निथळेपर्यंत ते माप माझ्यावर उपडे धरत, म्हणून गाव त्यांना मानत असे.

ते रॉकेल निळे असायचे. जमिनीच्या पोटातून निघालेले तेल मोठ्या कारखान्यात तापवून त्यापासून रॉकेल वेगळे काढतात, तेव्हा त्याला काही रंग नसतो. गरिबाच्या चुलीसाठी आलेले रॉकेल कोणी चोरून डिझेलमध्ये मिसळू नये, मिसळले तर ओळखू यावे, म्हणून रेशनच्या रॉकेलात निळा रंग घालत. आमच्या गावाला ही कारणे ठाऊक नव्हती. गावाचा हिशेब साधा होता. निळे ते रॉकेल, आणि बिनरंगाचे ते पाणी.

विठ्ठलरावांच्या घरी मी फार राबलो. वीज गेली की चिमणी, पाहुणे आले की स्टोव्ह, पावसाळ्यात ओले सरपण पेटेना की थोडे रॉकेल. मुलांच्या डोक्यात उवा झाल्या, खाटेत ढेकूण झाले, तरी माझीच आठवण. आणि सगळ्यात जास्त आठवण छबुबाईला. छबुबाई ही विठ्ठलरावांची बायको. तिचे गुडघे तरुणपणापासून दुखत. भरल्या हंड्यांनी टेकडी चढून चढून ते झिजले होते. दुपारच्या वेळी ती पाय पसरून बसायची, तळहातावर थोडे निळे रॉकेल घ्यायची आणि गुडघ्यांना चोळायची. चोळताना म्हणायची, "ह्या डब्यानं मला चालती ठिवली." कोणी आपले असे कौतुक केले की पत्र्यालाही बरे वाटते, मित्रांनो.

छबुबाईचा गावात आणखी एका गोष्टीसाठी मान होता. भावकीतला बजरंग लहान असताना धोतऱ्याच्या बिया खाऊन बेशुद्ध पडायच्या बेतात आला होता. सगळे रडत बसले, आणि छबुबाईने तांब्याभर मीठपाणी पाजून, घशात बोटे घालून त्याच्याकडून भडाभडा उलटी काढली. बजरंग वाचला. त्या दिवसापासून गावात कोणाच्या पोटात नको ते गेले की आधी छबुबाईला हाक जायची. पोटात गेले ते बाहेर काढायचे, एवढे तिचे शास्त्र. ते एकदा खरे ठरले होते, म्हणून नेहमीच खरे असणार असे सगळ्या गावाने धरले होते.

पुढे विठ्ठलराव वारले. मुलगा अंगद मोठा झाला, त्याचे लग्न झाले. सून स्वप्नाली माजलगावची, बारावीपर्यंत शिकलेली, कमी बोलणारी. त्यांना वैष्णवी झाली. तोवर घरात गॅस आला होता आणि रेशनचे रॉकेल आधी कमी आणि मग बंद झाले होते. माझ्या तळाशी दोन बोटे रॉकेल उरले, ते छबुबाईने जिवापाड जपले. वैष्णवी रांगायला लागली, मग चालायला लागली, आणि सगळ्यात आधी चालत आली ती माझ्याकडे. छबुबाईने तिला मारले नाही, ती रागावलीही नाही. वाटीत थोडे रॉकेल ओतून तिला दाखवले.

"हे बघ. निळं हाय का न्हाई? निळं दिसलं की तोंडाला लावायचं न्हाई. काय दिसलं की?"

"निळं," वैष्णवी म्हणायची.

असे तिने कितीदा तरी म्हणवून घेतले. पोर शहाणी होती. एकदा सांगितलेले विसरत नसे. ते दोन बोटे रॉकेलही एक दिवस संपले. मग वैष्णवी मला उपडा करून माझ्यावर पळीने ताल धरायची. ते दिवस मला अजून आठवतात. रिकाम्या डब्याला कोणी पुसत नाही, आणि मला मात्र रोज दोन लहान हात शिवत होते.

पण रिकामा पत्रा गंजतो. ओल्या जमिनीवर एक पावसाळा काढल्यावर माझ्या तळाच्या सांध्याला सुईच्या टोकाएवढे भोक पडले. ते कोणाला दिसले नाही. दिसले असते तरी त्या वेळी त्याचे कोणाला काही नव्हते.

अंगदला शहराच्या विमानतळावर काम मिळाले. विमानात इंधन भरणाऱ्या टँकरवर तो मदतनीस होता. पहिल्यांदा सुटीवर आला तेव्हा ओट्यावर माणसे जमली. विमान कशावर उडते, असे बजरंगने विचारले. अंगद म्हणाला, रॉकेलवर. कोणाचा विश्वास बसेना. मग त्याने समजावून सांगितले, की विमानाचे इंधन म्हणजे चांगले साफ केलेले रॉकेलच, आपल्या चिमणीतल्या रॉकेलाचा सख्खा भाऊ. त्याच्या कामाबद्दलही त्याने सांगितले. टँकरमधले थोडे इंधन काचेच्या बरणीत काढायचे, उजेडासमोर धरून घुसळायचे आणि तळाशी पाण्याचा थेंब साचतो का ते बघायचे. वर आकाशात पाणी गोठले तर इंजिन बंद पडू शकते. म्हणून रॉकेलात पाणी चालत नाही.

"थेंब असला तर मला लांबूनच दिसतो," अंगद म्हणाला. "पानी कोणचं आन रॉकेल कोणचं, माजी नजर चुकत न्हाई."

आमच्या गावावरून विमाने फार उंचावरून जातात. मागे पांढरी रेघ तेवढी दिसते. त्या दिवसापासून छबुबाई ती रेघ दिसली की कपाळावर हात धरून बघत राहायची आणि शेजारणींना सांगायची, की माझ्या अंगदचे रॉकेल चालले.

पण तिचे गुडघे पार आखडले होते. मलम झाले, गोळ्या झाल्या, तिचे म्हणणे एकच, की रॉकेल बंद झाले आणि माझे पाय बंद झाले. आईचे हे रोजचे कण्हणे अंगदला ऐकवेना. तपासणीसाठी बरणीत काढलेले रॉकेल एका वेगळ्या पिंपात ओतायचे असते. त्यातले थोडे त्याने आईसाठी बाजूला काढले. डबा घेऊन फाटकातून बाहेर पडता आले नसते. म्हणून त्याने ते पाण्याच्या बाटलीत भरले. तीच, दुकानात मिळते ती प्लास्टिकची. फाटकावरच्या पहारेकऱ्याने बाटलीकडे पाहिले आणि पाणी समजून पुढे जायला सांगितले. घरी आल्यावर अंगदने हे रंगवून सांगितले तेव्हा सगळे हसले. वैष्णवी आजीच्या मांडीवर होती. सगळे हसतात म्हणून तीही हसली.

छबुबाईने मला ओढून पुढे घेतले, झाकण काढले आणि बाटली माझ्यात रिकामी केली. मित्रांनो, किती दिवसांनी पोटात काही पडले होते. हे रॉकेल पातळ होते, स्वच्छ होते, त्याला माझ्या जुन्या रॉकेलाचाच वास होता. पण मला ते धरून ठेवता आले नाही. तळाशी ओला डाग उमटला आणि पसरायला लागला. स्वप्नालीने तो पाहिला. घाईने बाटलीला नरसाळे लावून तिने सगळे परत बाटलीत ओतले.

"आत्याबाई, उद्या धारूरला जाऊन डाग देऊन आणते," ती म्हणाली.

छबुबाई म्हणाली, की एवढ्याशा भोकासाठी एसटीचा हेलपाटा कशाला. बाजारच्या दिवशी जाऊ. तोवर बाटलीत काय वाईट आहे?

मग बाटली बाटलीच राहिली. छबुबाईला वाकता येत नव्हते, म्हणून ती बाजेच्या पायाशी, हाताला येईल अशी ठेवली. शेजारणी येत, तळहात पुढे करत, आणि छबुबाई त्यांना विमानाचे रॉकेल थोडे थोडे देई. हे पाण्यापरीस साफ हाय, असे कौतुकाने सांगे. वैष्णवी तिथेच खेळत असे. सगळे तिच्या कानावर पडत होते. बाजारचा दिवस आला आणि काही तरी काम निघाले. पुढचाही तसाच गेला.

चैत्रातली दुपार होती. अंगद कामावर गेलेला, स्वप्नाली विहिरीवर धुणे घेऊन गेलेली. छबुबाईने गुडघे चोळले आणि तिला डुलकी लागली. बाटलीचे झाकण तिने नुसते वर टेकवले होते. वैष्णवी उन्हातून खेळून आली. तिचे तोंड लालबुंद झाले होते. तिने आजीकडे पाहिले. आजीची झोप मोडू नये एवढी समज त्या चार वर्षांच्या पोरीला होती. मग तिने बाटली उचलली.

तिने आजीचे ऐकले होते, मित्रांनो. बाटलीत निळे काहीच नव्हते.

मी कोपऱ्यातून बघत होतो. माझ्यात असते तर तिने शिवलेही नसते. उन्हातून पळत आलेले मूल वास घेत बसत नाही, ते बाटली दिसली की तोंडाला लावते. एक घोट गेला आणि तिला ठसका लागला. छबुबाई दचकून उठली, पोरीच्या तोंडाला नाक लावले आणि वास येताच स्वप्नालीला मोठ्याने हाका मारल्या. स्वप्नाली धुणे टाकून धावत आली. वैष्णवी रडत होती, खोकत होती, पण उभी होती, बोलत होती.

"आत्याबाई, बजरंग भाऊजीची गाडी बोलावते. दवाखान्यात नेऊ," स्वप्नाली म्हणाली.

"गाडी येईस्तोवर ते अंगात भिनंल," छबुबाई म्हणाली. "आदी भायेर काढू दे. बजरंगला कुणी वाचिवलं?"

त्या घरात या प्रश्नाला उत्तर नव्हते. छबुबाईने तांब्यात मीठ कालवले, पोरीला मांडीवर आडवे घेतले, मीठपाणी पाजले आणि बोट घातले. वैष्णवीला उलटी झाली. सगळ्या घरात रॉकेलाचा वास पसरला. छबुबाईने पुन्हा पाजले, पुन्हा काढले, अगदी नुसते पाणी पडेपर्यंत. मग पोरीचे तोंड पुसून तिला छातीशी धरले, आणि तिच्या जिवात जीव आला. शेजारणी जमल्या होत्या. छबुबाई होती म्हणून बरे, असे सगळ्या म्हणाल्या. स्वप्नालीने आणखी एकदा गाडीचे काढले. सगळे बाहेर पडले आहे, आता झोपू दे तिला, असे तिला सांगण्यात आले.

वैष्णवी झोपली. दिवस कलला तशी ती झोपेत धापा टाकायला लागली. अंग तापले, नाकपुड्या फुलायला लागल्या, ओठ काळसर दिसायला लागले. तेव्हा बजरंगची गाडी आली. आधी धारूरला नेले, तिथून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात. अंगद तिकडेच येऊन पोचला. दोन दिवसांनी ते तिघे परत आले. वैष्णवी चादरीत होती.

त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही. मला सांगवत नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले. छबुबाई ओट्यावर बायकांत बसलेली असताना अंगद आणि स्वप्नाली माझ्याजवळ, चुलीपाशी बोलत होते, म्हणून मला कळले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारले होते, उलटी कोणी काढली. मग त्यांनी या दोघांना बाजूला घेऊन सांगितले, की रॉकेल पोटात राहिले असते तर बहुतेक पोर वाचली असती. रॉकेल इतके पातळ असते, की उलटी होताना ते श्वासाच्या नळीत उतरते आणि फुप्फुसात पसरते. मग श्वास घ्यायला जागा उरत नाही. ठसका लागला तेव्हा थोडे गेले असेल. उलटीने पुष्कळ गेले.

"आत्याबाईला सांगायला पायजे," स्वप्नाली म्हणाली.

"सांगून पोर येनार हाय का?" अंगद म्हणाला. "आई जीव दील. बाटली म्या आणली, माज्यामुळंच झालं असं म्हनू."

त्याने तसेच केले. छबुबाई त्याला रोज बोलायची, तुझ्या बाटलीने माझी पोर खाल्ली म्हणायची, आणि तो मान खाली घालून ऐकायचा. विमानतळावर तो परत गेला नाही. स्वप्नालीला मात्र ते ओझे पेलवले नाही. सासूने पोरीच्या आठवणी काढायच्या, शेवटी मी किती केले तिच्यासाठी म्हणून रडायचे, आणि हिने तोंड शिवून भाकरी थापायची. एक दिवस तिने पिशवी भरली आणि ती माहेरी माजलगावला निघून गेली. नात गेली आणि सूनही रुसून बसली, असे छबुबाई गावभर सांगत राहिली. पांढरी रेघ आकाशात दिसली तरी ती आता वर बघत नसे. मी कोपऱ्यात होतो तसाच होतो, माझ्या भोकासकट.

नंतर दिवाळीच्या सुमारास एका सकाळी आरडाओरड ऐकू आली. बजरंग त्याच्या लहान मुलाला कवेत घेऊन पळत आला. मोटरसायकलसाठी आणलेले पेट्रोल बाटलीत होते, आणि पोराने ते तोंडाला लावले होते.

"काकू, मीठपानी," बजरंग एवढेच म्हणाला.

गावाला कोणी काही सांगितलेच नव्हते ना. छबुबाई आखडलेल्या गुडघ्यांनिशी उठली. तांब्या घेतला, आणि बरणीतून मूठभर मीठ काढून त्यात टाकले. मग आणखी एक मूठ टाकली.

"मागल्या बारीला मीठ कमी पडलं," ती पुटपुटली. "ह्या बारीला पडू देत न्हाई."

तिने पोराची हनुवटी धरली. अंगद दारात उभा होता. मी त्याचे तोंड पाहिले. त्याने झटकन पुढे होऊन आईचे मनगट धरले.

"आई, देऊ नको."

"सोड बे. पोर मरंल."

"दिल्यानं मरंल," अंगद म्हणाला. "आपली वैशू रॉकेलानं न्हाई गेली, आई. उलटीनं गेली. डाक्टरनं सांगितलं. बजरंग, गाडी काढ. काही पाजू नको, उलटी काढू नको, तसाच घेऊन चल."

बजरंग पोराला घेऊन धावला आणि अंगद त्याच्यामागे. पोराला चार दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. ते वाचले. आज ते गल्लीत गोट्या खेळते.

पण त्या सकाळी घरात छबुबाई एकटी राहिली. ती तांब्या हातात धरून तशीच बसली होती. अंगद परत आला तेव्हाही तिथेच होती. ती रडली नाही. तिने विचारले, "कवा कळलं तुला?"

"दवाखान्यातच."

"स्वप्नालीला ठावं हाय?"

"हाय."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

"तू जगली नसतीस, आई."

छबुबाईने तांब्याकडे पाहिले. "आन बजरंगचं पोरगं? तू आज घरी नसतास तर ते जगलं असतं का?"

छबुबाईने उठून मीठपाणी मोरीत ओतले आणि तांब्या घासत बसली. तांब्या स्वच्छ झाला तरी ती घासत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला उचलले. एसटीने आम्ही धारूरला गेलो. माझा म्हातारा कारागीर आता नाही, त्याच्या जागी त्याचा पुतण्या बसतो. त्याने माझा तळ घासला, डाग दिला, पाणी भरून मला उन्हात धरले आणि कडेवरून बोट फिरवले. बोट कोरडे होते. हल्ली रॉकेल कुठे मिळते, यात काय भरणार, असे त्याने सहज विचारले.

"काय न्हाई," छबुबाई म्हणाली. "डाग द्यायचा राहिलता."

मला वाटले, आता घरी जायचे. पण ती माजलगावच्या गाडीत बसली.

स्वप्नालीचे माहेर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत आहे. दार तिनेच उघडले. सासूला पाहून ती बाजूला झाली, पण या म्हणाली नाही. छबुबाईने मला उंबऱ्याशी ठेवले आणि तिथेच भिंतीला धरून उभी राहिली.

"डाग देऊन आणला," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू दवाखान्यात चल म्हनलीस. म्या तुझं ऐकलं न्हाई. पोर माज्या हातानं गेली."

स्वप्नालीचे डोळे माझ्यावर होते. तिने वाकून माझ्या तळावरून बोट फिरवले, नव्या कथलावरून.

"उलटी काढायची नसती, हे मला बी ठावं नव्हतं, आत्याबाई," ती म्हणाली. "मी नुसती भ्यालेली होते."

तिने आत जाऊन पाणी आणले. स्टीलच्या पेल्यात, चांगले थंड पाणी. उन्हातून आलेली छबुबाई तहानेने व्याकूळ झाली होती.

स्वप्नाली त्या दिवशी आमच्याबरोबर आली नाही. अजून आलेली नाही. येईल की नाही ते मला माहीत नाही. छबुबाईने तिला ये म्हटलेच नाही, तो हक्क आपल्याला उरला नाही असे तिला वाटते. आता ती मला कडीने धरते आणि लंगडत लंगडत एकेका घरी जाते. आधी आपली भावकी केली, मग सगळे गाव, आता शेजारच्या वाड्या. ज्या घरात लहान मूल आहे तिथे ओट्यावर बसते, मला समोर ठेवते, आणि काय घडले ते काहीही न लपवता सांगते. "म्या माज्या नातीला मारलं, तुमी मारू नका," असे ती सरळ म्हणते. बायका खाली बघतात. काही जणी रडतात. मग आत जाऊन कोनाड्यातल्या, बाजेखालच्या बाटल्या बाहेर आणून दाखवतात. कशात पेट्रोल, कशात फवारणीचे औषध, कशात फरशी पुसायचे अॅसिड. सगळ्या पाण्याच्याच बाटल्या.

मित्रांनो, मी एक पत्र्याचा डबा, माझे सांगणे फार मोठे नाही. माझी डागडुजी वेळेवर झाली असती तर वैष्णवी आज तुमच्याबरोबर शाळेत असती. घरात एखादी वस्तू फुटली, गळायला लागली, तर ती बाजारच्या दिवसावर टाकू नका म्हणून मोठ्यांच्या मागे लागा. ज्याचे त्याच्यात ठेवायला सांगा. कोणाच्या पोटात रॉकेल किंवा पेट्रोल गेले, तर उलटी काढू देऊ नका. तो हसत असला, खेळत असला, तरी त्याला तडक दवाखान्यात न्यायला लावा, आणि मोठी माणसे ऐकत नसतील तर मोठ्याने सांगा.

आणि पाण्याची बाटली हाती आली की तोंडाला लावण्याआधी तिचा वास घ्या. छबुबाई घेते. त्या दिवशी उंबऱ्यावर स्वप्नालीने पाणी पुढे केले, तेव्हा तिने पेला दोन्ही हातांनी धरला आणि आधी नाकाजवळ नेला. स्वप्नालीने ते पाहिले. तिला राग आला नाही. सासूचे होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.